न फुटणारा हायड्रोमीटर

तिसरा हायड्रोमीटर फुटला तेव्हा माधवने आधी फरशीवरच्या काचांकडे पाहिलं, मग नंदाकडे पाहिलं आणि डाव्या हाताने तिच्या अशी एक ठेवून दिली की ती सिंकच्या कडेवर जाऊन आदळली. फोडला होता त्यानेच. साबणाच्या बोटांतून सटकला आणि नळावर आपटला, नंदाच्या डोळ्यांदेखत. पण रागावलेल्या माणसाला समोर कुणीतरी लागतं, आणि त्या स्वयंपाकघरात दुसरं माणूस एकच होतं. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या त्या घरात न्याय असाच झटपट व्हायचा, साक्षीपुरावा न मागता.

नंदाने काचा वेचल्या. हायड्रोमीटरच्या पोटातले शिशाचे छरे फ्रिजखाली घरंगळले होते, ते चमच्याच्या दांड्याने ओढून काढले. हिरडीतून रक्त येत होतं ते गिळून टाकलं. पलीकडच्या खोलीत टीव्ही लावून बसलेला माधव विचारत होता, जेवायला किती वेळ आहे म्हणून.

हायड्रोमीटर म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. काचेची एक पोकळ कांडी, खाली जड फुगा, वर बारीक नळी आणि नळीच्या आत आकड्यांची कागदी पट्टी. ती द्रवात सोडली की तरंगते. साध्या पाण्यात हजाराच्या आकड्यावर उभी राहते. बिअरच्या गोड काढ्यात साखर असते, म्हणून तिथे ती वर उचलली जाते आणि हजार चाळीस दाखवते. मग यीस्ट साखर खात जातं तशी कांडी खाली खाली बुडत जाते. हजार आठावर आली की साखर संपली, आता बाटल्या भरायला हरकत नाही. त्याआधी भरल्या तर बंद बाटलीत गॅस होतच राहतो, आणि बाटली तरी किती सोसणार?

माधवला हे सगळं तोंडपाठ होतं. कंप्युटर कंपनीत प्रोग्रॅमर होता, आकड्यांत चूक केलेली त्याला खपत नसे. महिन्यातून एकदा शनिवारी मराठी मंडळी घरी जमत, आणि माधवची बिअर म्हणजे काय वर्णावी! विष्णू म्हणायचा, वहिनी, नशीब काढलंत, नवरा घरातच पब चालवतो. माधव सगळ्यांच्या पाठीवर थापा मारायचा, बायकांना अदबीने बसायला खुर्ची द्यायचा. त्याच हातांचं दुसरं काम कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मला विचाराल तर कुणाला ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. नंदा भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घाले, हे बायकांना दिसत नव्हतं असं थोडंच आहे?

एकदा तिचं मनगट मोडलं होतं. हॉस्पिटलात नर्सने कसं लागलं म्हणून विचारलं, तेव्हा नंदाने तोंड उघडायच्या आत माधव म्हणाला, जिन्यावरून पडली. नर्सने नंदाकडे पाहिलं. नंदाने होकारार्थी मान हलवली. ती मान का हलवली, याचं उत्तर पुढे कितीतरी दिवस भांडी घासताना ती शोधत होती.

तर तिसरा हायड्रोमीटर फुटल्यावर नंदाने मनाशी एक गणित मांडलं. काच फुटली की मार बसतो. म्हणजे फुटणारी वस्तूच घरात नको. न फुटणारा हायड्रोमीटर मिळाला, तर निदान एक कारण तरी कमी होईल. हे गणित ऐकून हसायला येतं, पण हसण्याआधी एक दिवस तिच्या जागी राहून बघावं. मार चुकवायचा एवढंच ज्याच्या डोक्यात असतं तो माणूस फार पुढचं बघत नाही.

दुकान गावाच्या जुन्या भागात, चढावर होतं. पुढे खिळे-कुलपांचं सामान आणि मागच्या अर्ध्या भागात घरी बिअर-वाईन करणाऱ्यांसाठी बादल्या, नळ्या, यीस्टची पाकिटं. गल्ल्यावर पन्नाशीपुढची, गळ्यात चष्मा लटकवलेली सावळी बाई बसली होती. नंदाने इंग्रजीत मोडकंतोडकं विचारलं, न फुटणारा हवा. बाईने काचेचा एक पुढे केला. तो हातात घेताना नंदाच्या बोटांतून निसटता निसटता राहिला आणि तिच्या तोंडून ‘अगं आई’ निघून गेलं.

“कुठची गं तू?” बाईने मराठीत विचारलं.

नंदा चिपळूणची. बाई ज्युलिएट पेणकर, मुंबईत माझगावला वाढलेल्या, मराठी बोलणाऱ्या यहुदी. नवरा शालोम वारल्यापासून दुकान एकट्याच बघायच्या. बोलायला माणूस मिळाल्यावर बाईंना उधाण आलं. त्यांच्याकडे शुक्रवारच्या प्रार्थनेला काळ्या मनुका भिजवून त्यांचं शरबत करतात. ते आंबू द्यायचं नाही म्हणून आई त्यांना बरणीपाशी राखण बसवायची, आणि मोठेपणी पोटासाठी लोकांना आंबवायलाच शिकवायची वेळ आली, असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. मग त्यांनी तीन हायड्रोमीटर शेजारी शेजारी मांडले.

“हा पितळी. पडला तर फुटणार नाही, पण पोचा येतो. पोचा आला की आकडा चुकतो आणि तुला कळतही नाही. हा काचेचा. नाजूक आहे, पण मी तर म्हणेन काचच बरी. मोडली की मोडलेली दिसते. आणि हा प्लास्टिकचा.” त्यांनी तो सरळ खाली टाकला. टक् असा आवाज झाला, बाकी काही नाही.

नंदाने दुसरीकडे पाहिलंच नाही. तिने प्लास्टिकचा उचलला आणि उराशी धरला.

“गालाला काय झालं?” ज्युलिएटबाईंनी विचारलं.

“दार लागलं.”

बाईंनी तिचा उजवा गाल नीट पाहिला. “दार डावखुरं दिसतंय,” त्या म्हणाल्या.

नंदाला तिथून पळावंसं वाटलं. शरमेने तिचे कान तापले. मार खाल्ल्याची शरम मारणाऱ्याला वाटत नाही, खाणाऱ्यालाच वाटते, हा कुठला उफराटा कायदा कोण जाणे. बाई मागून काहीतरी सांगत होत्या, धुण्याबद्दल, पाण्याबद्दल. पण तोवर नंदा दार ढकलून उतारावर पोचली होती.

माधवने नवा हायड्रोमीटर हातात फिरवून पाहिला, आणि खरंच फुटत नाही का म्हणून भिंतीवर फेकून मारला. भिंतीवरच्या कागदाला खळगा पडला. हायड्रोमीटर जसाच्या तसा. माधव खूश होऊन हसला, म्हणाला, पहिल्यांदा काहीतरी अक्कल वापरलीस. नंदाला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, चांगला आनंद झाला तिला, शाबासकी मिळाल्यावर होतो तसा. त्याने नव्या काढ्यात हायड्रोमीटर सोडला, हजार चाळीस आकडा वाचला, आणि बादली वरच्या मजल्यावरच्या एअरिंग कपाटात नेऊन ठेवली. गरम पाण्याच्या टाकीचं ते कपाट. तिथे कायम ऊब असते, म्हणून टॉवेलही तिथेच आणि बिअरही तिथेच.

त्यानंतर दोन दिवसांनी आमटी खारट झाली म्हणून त्याने तिचे केस धरून डोकं ताटाजवळ नेलं आणि खा म्हणाला, सगळी खा. हायड्रोमीटर तेव्हा ओट्यावर सुखरूप होता.

आता तिच्या हातून चूक झाली ती इथे, आणि चूक झाली ती तिच्या चांगल्या वळणामुळे. चिपळूणला नंदाची आई लोणच्यांसाठी गल्लीत नावाजलेली होती. बरणी असो, चमचा असो, उकळतं पाणी ओतून धुतल्याशिवाय आईच्या लोणच्याला शिवायचा नाही. एका वर्षी लोणच्याला बुरशी आली, तर आई दिवसभर तोंड लपवून बसली होती. बिअरमध्ये घाण गेली तर आंबट होते, हे माधव तिला ओरडून ओरडून सांगायचा. तेव्हा नंदाने केटल उकळली, हायड्रोमीटर पातेल्यात ठेवला आणि वरून धार धरली. पुसून, वाळवून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवला. इतकं नीट तर आईनेही केलं नसतं.

पुढच्या रविवारी माधवने बादलीतला नमुना काढून हायड्रोमीटर सोडला. हजार आठ. काम फत्ते. त्याने बाटल्या भरल्या, प्रत्येकीत फेसासाठी चमचाभर साखर घातली, पत्र्याची टोपणं ठोकली आणि सगळ्या क्रेटमध्ये उभ्या करून परत कपाटात ठेवल्या. शनिवारी मंडळी येणार होती.

गुरुवारी त्याने नंदाला बाटल्या धुवायची पावडर आणायला पाठवलं. ज्युलिएटबाईंनी विचारलं, टिकला का गं हायड्रोमीटर? नंदा अभिमानाने म्हणाली, टिकला म्हणजे काय, उकळत्या पाण्याने धुऊनसुद्धा काही झालं नाही. बाईंनी हातातली पावडर तशीच गल्ल्यावर ठेवली.

“उकळत्या? अगं, आतली पट्टी डिंकाने चिकटवलेली असते. तापली की सुटते आणि खाली सरकते. तेच तर मी ओरडून सांगत होते.” त्यांनी आवाज खाली आणला. “घरी जा. साध्या पाण्यात सोडून बघ. हजार दाखवायला हवा. नाही दाखवला, तर त्या बाटल्यांना हात लावू नकोस. कपाट उघडू नकोस. नवऱ्याला सांग, टाकीचं गरम पाणी बंद कर, दार बंद ठेव आणि मला फोन कर. मी अशा बाटलीने माणसाचा डोळा गेलेला बघितलाय.”

नंदाने घरी येऊन उंच भांड्यात नळाचं पाणी घेतलं आणि हायड्रोमीटर सोडला. तो शांतपणे बुडाला आणि नऊशे नव्वदवर उभा राहिला. साध्या पाण्यात नऊशे नव्वद! म्हणजे रविवारी हजार आठ दिसलं तेव्हा खरा आकडा हजार अठरा होता. साखर संपलेली नव्हती. न संपलेल्या साखरेवर माधवने आणखी चमचाभर साखर घालून, टोपणं ठोकून, बाटल्या उबेला ठेवल्या होत्या.

ती स्टुलावर बसली. आधी तिला दिसला तो डावा हात. तुझ्या त्या लोणच्याच्या अकलेने माझी बिअर घालवलीस, हे त्याचे शब्दही ऐकू आले. मग हळूहळू दुसरं काहीतरी डोक्यात शिरलं. रोज संध्याकाळी घरी आला की माधव कपाट उघडायचा, वाकून बाटल्या उजेडात धरायचा, चेहऱ्याच्या अगदी जवळ.

फुटू दे, नंदाच्या मनात आलं. स्पष्ट, या दोन शब्दांत आलं. तिला त्या विचाराची भीती वाटली नाही, याचीच भीती वाटली.

ती वर गेली. श्वास रोखून, तोंड बाजूला करून तिने कपाट उघडलं, एकेक टॉवेल काढला आणि सगळे बेडरूमच्या पलंगावर रचले. मग कपाटाचं दार लावून घेतलं. आता त्या कपाटाशी तिचं काही काम उरलं नव्हतं. टाकीचं बटण तिथेच शेजारी होतं. त्याला तिने हात लावला नाही.

माधव आला. बूट काढले, शीळ घालत जिना चढू लागला. शनिवारच्या मंडळींसाठी दोन बाटल्या फ्रिजमध्ये टाकतो, म्हणाला. विष्णूची बायको आता सातव्या महिन्यात आहे, तिला ती मऊ खुर्ची दे हं. वर गेला आणि बेडरूमच्या दारातून त्याला पलंगावरचा ढीग दिसला.

“हे टॉवेल इथे का?”

खोटं बोलायला नंदा कधी अडखळत नसे. जिना, दार, निसरडी बाथरूम, सगळं तिच्या जिभेवर तयार असायचं. पण तिला विष्णूची बायको दिसली, मऊ खुर्चीत बसलेली, शेजारी कुणाच्या तरी हातात बाटली. आणि दिसला हा मोजे घातलेला, शीळ घालणारा माणूस. त्याला कपाटात मरू द्यायचं असतं तर ताट वाढून द्यायची गरज काय होती, इतकी वर्षं?

“अहो, बाटल्या फुटतील,” ती जिन्याच्या मधल्या पायरीवरून म्हणाली. “मी हायड्रोमीटर उकळत्या पाण्याने धुतला. आतली पट्टी सरकली. खरा आकडा हजार अठरा होता. कपाट उघडू नका.”

तो दोन ढांगांत खाली आला. पहिला फटका कानावर बसला, दुसरा तोंडावर. ओठ दातावर फाटला. तिसऱ्याला ती कठड्याला धरून राहिली म्हणून पडली नाही. मला आकडे शिकवतेस? तो ओरडत होता. प्लास्टिकला काय होतंय पाण्याने? त्या दुकानातल्या म्हातारीने डोक्यात भरवलंय तुझ्या.

“जा. दोन बाटल्या काढून आण.”

“नाही.”

“काय म्हणालीस?”

“नाही जाणार,” नंदा म्हणाली. ती तीच पायरी धरून उभी राहिली. “मारा. पण मी ते कपाट उघडणार नाही.”

त्याला हे इतकं नवं होतं की हात वरच राहिला. मग तो चवताळून स्वतःच वर गेला, तुला दाखवतोच म्हणाला. कपाट उघडल्याचा आवाज आला. क्रेटमधली बाटली काढल्याचा आवाज आला. हे बघ, म्हणत तो जिन्याच्या तोंडाशी आला आणि त्याने बाटली डाव्या हातात धरून नंदासमोर जोराने हलवली. हे बघ. फुटली का? फुटली का?

फुटली. आवाज असा झाला की नंदाच्या दुखऱ्या कानात नुसती शिट्टी उरली. पाठोपाठ कपाटातून दुसरा आवाज, मग तिसरा, मग मोजण्यापलीकडे. काचा दारांतून, छतावर, जिन्याच्या भिंतीवर येऊन आदळत होत्या. फेस जिन्यावरून उतरत होता आणि त्याचा रंग खाली येता येता लाल झाला. माधव वर बसला होता, भिंतीला पाठ टेकून. डाव्या हाताचा तळवा उघडला गेला होता. एक काच गालात उभी होती, दुसरी मानेच्या बाजूला. तो ओरडत नव्हता, फक्त तोंड उघडून हाताकडे बघत होता.

नंदा काचांतून वर चढली. पलंगावरचे टॉवेल उचलले, एक त्याच्या हाताला आवळून बांधला, एक मानेवर ठेवून त्याचाच उजवा हात वर दाबून धरवला. मानेतली काच तिने काढली नाही. आत गेलेली वस्तू ओढायची नसते, हे तिला ठाऊक होतं.

“आधी का नाही सांगितलंस?” तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. ओठातलं रक्त तिच्या हनुवटीवरून टॉवेलवर पडत होतं. तिला हसू येईल असं वाटलं, पण आला तो नुसता थकवा. ती जिना उतरू लागली.

“फोनवर जास्त बोलू नकोस,” मागून त्याचा आवाज आला. “अपघात झाला म्हण. ऐकतेस ना?”

फोन खालच्या पॅसेजमध्ये होता. तिने नऊ-नऊ-नऊ फिरवला. अँब्युलन्स हवी म्हणाली. पत्ता सांगितला, स्पेलिंगसकट. काय झालं, बाटल्या फुटल्या. रक्त किती, फार. शुद्धीवर आहे का, आहे, बोलतोय. पलीकडची बाई शांत होती, एकेक गोष्ट विचारत होती. माणूस निघाला आहे, दार उघडं ठेवा, म्हणाली. मग ती सहज, यादीतला पुढचा प्रश्न विचारावा तसं म्हणाली, आणखी कोणाला लागलंय का?

वरून माधव तिचं नाव घेत होता.

“हो,” नंदा म्हणाली. “मला लागलंय.”

“बाटल्यांनी?”

“नाही. बाटल्या आत्ता फुटल्या. मला माझा नवरा मारतो.” इतक्या वर्षांत हे वाक्य तिने मनातसुद्धा पूर्ण केलं नव्हतं, आणि बोलून बघितलं तर ते अगदी लहान होतं. “पोलीसही पाठवा,” ती म्हणाली, आणि फोन खाली न ठेवता तिने पुढचं दार उघडलं.